रानवाऱ्याचा उजवा कोपरा

साहेबराव खरात, म्हणजे आमचे नाना, हा माणूस आयुष्यात एकदाही कबड्डी खेळला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की नवा माणूस हमखास विचारतो, नाना कुठल्या जागेवर खेळायचे? नाना कादरभाईच्या हॉटेलात, दाराजवळच्या बाकड्यावर खेळायचे. तिथं बसून त्यांनी आमच्या रानवारा मंडळाचा संघ कैक वर्षं चालवला, आणि त्याच नादात पोटच्या पोराला दुरावले.

परवा आमच्या घरात टीव्हीवर कबड्डीच्या खेळाडूंची बोली चालली होती. माझा पोरगा आणि त्याचे मित्र तावातावानं भांडत होते. याला कामून सोडला, त्याला कामून घेतला, बचावात माणूसच नाही, असलं सगळं. मी म्हटलं, बाबांनो, आवाज तरी कमी करा. पोरगा म्हणाला, "पप्पा, तुम्हाला यातलं काय कळतंय?" आपलं वय झालं की पोरांना असंच वाटतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या भांडणाचा आता वीट आलाय. आमचं भांडून झालंय सगळं. मी उठून गच्चीवर जाऊन बसलो आणि मला नाना आठवले.

बजाजनगर तेव्हा निम्मं बांधलेलं होतं. आम्ही सगळे कन्नड, वैजापूर, सिल्लोड इकडून तिकडून वाळूजच्या कंपन्यांत आलेलो. नाना आणि मी एकाच शेडमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. ते माझ्याहून वयानं पुष्कळ मोठे, कन्नडच्या घाटाखालच्या गावचे. बाप मेंढरं वळायचा, आणि नाना स्वतः तरुणपणी एका बागायतदाराकडं सालगडी होते. त्या माणसानं एका पाडव्याला "यंदा नको, साहेबराव" एवढं म्हणून त्यांना मोकळं केलं होतं. ते सांगताना नाना कधी चिडलेले मी बघितले नाहीत. "त्याचं बी बरोबर व्हतं. त्या साली माझा पाय मोडला व्हता. मोडक्या पायाचा गडी कोण ठिवतंय?" असं म्हणायचे आणि बशीतला चहा ओढायचे.

आता हे सालगड्याचं मी का सांगतोय, तर आमच्या मंडळाचा सगळा कारभारच त्यावर चालायचा. गावाकडं शेतावरच्या गड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. मंडळातली निम्मी माणसं असल्याच घरची. त्यामुळं खेळाडूंचंही साल पाडव्यालाच ठरायचं. त्या दिवशी सकाळी सगळ्यांनी कादरभाईच्या हॉटेलात जमायचं आणि ज्याला ठेवायचं त्याच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची. गाठी पडली की गडी वर्षभर आपला. नाही पडली तर त्यानं चहा प्यायचा आणि दुसरं मंडळ बघायचं. कागदोपत्री अध्यक्ष-सचिव वेगळे होते, पण गाठ्या घालायचे नाना. पहिल्या वर्षी त्यांनी गंमत म्हणून घातल्या, पुढं तीच रीत पडली.

"संघ म्हंजी लगीन नव्हं, साल हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य, "आधी माझं ऐका, मंग भांडा."

कबड्डीचे सामने थंडीत व्हायचे. होळीच्या आसपास मैदानं ओस पडली की आमचं खरं काम सुरू. शिफ्ट सुटली की हॉटेल. नाना कादरभाईची काड्यापेटी मागून घ्यायचे आणि टेबलावर सात काड्या मांडायचे, सात गडी. मग एक काडी उचलायची, दुसरी ठेवायची. कडुबा म्हणून आमचा एक दोस्त होता, वेल्डर, आवाजानं भोंगा. तो नानांची काडी उचलून फेकायचा. "नाना, चढाईला माणूस पायजे आपल्याला. गुण कोण आणणार, तुमचा काका?" नाना शांतपणे काडी शोधून परत जागेवर ठेवायचे. "चढाई करणारे गल्लीत पन्नास सापडतील. धरणारा सापडत नाय." तिकडून कादरभाई ओरडायचे, "नाना, मेरी माचिस तो छोडो. बीडीवाले खडे हैं." असं रोज. चाललेलं काहीच नसायचं, पण आम्हाला वाटायचं, आपण नसलो तर मंडळ बुडेल.

नानांचं काळीज या बाबतीत दगडाचं होतं. बबन म्हणून आमचा चढाईचा मोठा खेळाडू होता, त्याच्या हळदीला आम्ही गेलो होतो. पोराला पाटावर बसवलेलं, बाया गाणी म्हणतायत. नाना हळद लावायला वाकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "यंदा साल सोड बाबा. गुडघा बोलायलाय तुझा." बबनचं तोंड पडलं. त्याची आई नानांना काय काय बोलली ते इथं लिहिता येत नाही. पण पाडव्याला नानांनी त्याला गाठी घातली नाही म्हणजे नाहीच. बबन रागारागानं दुसऱ्या मंडळात गेला आणि दिवाळीनंतर पहिल्याच स्पर्धेत गुडघा धरून खाली बसला. कडुबा म्हणाला, नानांचा तळतळाट लागला. नाना म्हणाले, "तळतळाट कशाचा? पडल्यावर सोडलं तर त्याला म्हणतात टाकून दिलं. पडायच्या आधी सोडावं." आणि मग, विचारल्याशिवायच, "त्याच्या घरी जाऊन आलो काल. लेप लावायचा सांगितला," असंही म्हणाले.

त्यांची आणखी एक खोड होती. सामना बघताना ते कायम आपल्या संघाच्या पाठीमागं बसायचे. मध्यंतराला संघांनी बाजू बदलली की नानाही धोतर सावरत उठायचे आणि मैदानाला वळसा घालून परत आपल्याच संघाच्या मागं. पोरं हसायची. नाना म्हणायचे, "आपल्या माणसाच्या पाठीशी बसावं. तोंड काय बघायचं त्याचं?" ही खोडच पुढं नडली.

त्या वर्षी आमचा डावा कोपरा फाटका होता. कबड्डीत बचावाची साखळी उभी राहते, तिच्या दोन टोकांना दोन गडी असतात, ते कोपरे. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचं काम त्यांचं. उजव्या कोपऱ्यावर नानांचा मुलगा दिलीप होता. पोरगा चांगला होता, चपळ, अंगानं बारीक, बोलायला कमी. लोक म्हणायचे बापामुळं संघात आहे, पण ते खोटं. दोन वर्षं त्यानं उजवी बाजू राखली होती. डाव्या बाजूचा गडी मात्र चाळणी होता, येईल तो निसटून जायचा.

आणि त्याच वर्षी मंडळाला पैसा पुरवणाऱ्या शेठनं सांगून टाकलं, यंदा जे सात मैदानात उतरतील ते माझ्या शेडमध्ये कायम. राखीवांचं पुढं बघू. वाळूजमध्ये राहिलेल्या माणसाला कायम या शब्दाची किंमत सांगायला नको. दिलीप त्याच शेडमध्ये टेम्पररी होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग परत गेटवर उभं राहायचं. त्याचं लग्नही त्या कायमवरच अडलेलं. मुलगी बघून झाली होती, तिच्या बापानं विचारलेलं एवढंच, जावई कायम आहे का?

फाल्गुनात नाना दौलताबादला एका सामन्याला गेले. तिथल्या संघात अंकुश नावाचा कोपरा होता, त्याचं नाव फार झालं होतं. मैदानावर आपला संघ नव्हता, त्यामुळं कुणाच्या पाठीमागं बसायचं हा प्रश्नच नव्हता. ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून नाना सावलीच्या टोकाला बसले. ते टोक अंकुशच्या बरोबर समोरचं. एसटी चुकेल म्हणून मध्यंतरालाच उठून आले, आणि हॉटेलात शिरताशिरताच म्हणाले, "डावा कोपरा घावला."

आम्ही विचारलं, "नक्की?"

"डोळ्यांनी बघितला. डाव्या अंगाला उभा व्हता. मांजरावाणी पडतो घोट्यावर."

दौलताबादवाल्यांना चढाईची माणसं हवी होती. त्यांनी अंकुशच्या बदल्यात आमचे दोन मागितले. कडुबा हॉटेल डोक्यावर घेऊन नाचला. दोन देऊन एक घ्यायला हा काय बैलबाजार आहे का, असं म्हणाला. नाना तीन दिवस काड्या मांडत बसले आणि सगळ्यांना पटवलं. अदलाबदल झाली. शब्द दिला, शब्द घेतला. आमचे दोघे होळीलाच तिकडं जाऊन सरावाला लागले.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अंकुश आमच्या मैदानावर आला. उंच, काळा, अदबीचा पोरगा. सगळ्यांच्या पाया पडला. कर्णधार म्हणाला, उभा राहा तुझ्या जागेवर. तो चालत गेला आणि उजव्या टोकाला, दिलीपच्या शेजारी उभा राहिला.

कर्णधार म्हणाला, "तिकडं, डावीकडं."

अंकुश म्हणाला, "मी उजवा खेळतो भाऊ. पयल्यापासून उजवाच."

नाना आमच्या पाठीमागं बसले होते. मी वळून बघितलं. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरले होते आणि एकदा या हाताकडं, एकदा त्या हाताकडं बघत होते. समोरून बघितलेल्या माणसाचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो, एवढी साधी गोष्ट. पण जन्मभर ज्यानं पाठीमागूनच सामने बघितले, त्याच्या ती ध्यानातच आली नाही. कडुबाच्याही लक्षात आलं, आणि आश्चर्य म्हणजे तो एक अक्षर बोलला नाही.

मग आम्ही काय काय करून बघितलं. अंकुशला डावीकडं उभा केला, तर त्याला पाऊलच टाकता येईना. दिलीपला डावीकडं केला, तर तो जुन्या गड्यापेक्षाही वाईट. परत दोघांना आळीपाळीनं उजवीकडं उभं केलं, आणि जे व्हायचं तेच झालं. दिलीप चांगला होता. अंकुश त्याच्याहून चांगला होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. सराव संपल्यावर दिलीप एकटाच पायाला लागलेली माती झटकत बसला होता, बराच वेळ झटकत होता.

पाडव्याला दोन आठवडेही नव्हते. हॉटेलात भांडण बंद झालं. सगळे नानांच्या तोंडाकडं बघायचे आणि चहा पिऊन उठायचे. नाना यायचे, पण काड्यापेटी मागायचे नाहीत. एक दिवस प्रेसवर काम करताकरता त्यांनी मला विचारलं, "जगू, माझ्या जागी तू असता तर?"

मी म्हटलं, "पोराला ठेवलं असतं. सरळ. त्यात विचार कसला नाना? अंकुशला सांगा, गलती झाली, माफ कर. त्याला दुसरं मंडळ उद्या उचलील. दिलीपला कोण उचलणार?"

"व्हय," म्हणाले. दाबलेला पत्रा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "दुसऱ्याची पोरं काढताना माझं तोंड लई चाललं रे. बबनच्या आईच्या शिव्या खाल्ल्या, पण काढला. आता आपलं पोरगं झाकलं तर त्या बाईपुढून कसा जाऊ?"

"नका जाऊ. दुसऱ्या गल्लीनं जा."

ते हसले, पण हसण्यात काही दम नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कडुबानं मला बाजूला घेतलं. जन्मभर नानांशी भांडलेला माणूस, डोळ्यात पाणी होतं त्याच्या. आम्ही दोघं नानांच्या खोलीवर गेलो. काकू, म्हणजे नानांची बायको, पुरणाची डाळ निवडत होत्या. कडुबा म्हणाला, "नाना, उद्या गाठ्या मी घालतो. तुम्ही ताप आलाय म्हणून घरी बसा. मी दिलीपला घालीन. लोक मला शिव्या देतील, मला सवय हाय. तुमच्यावर काही येणार नाय."

काकूंचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्या ऐकत होत्या. दिलीपचा नवा सदरा खुंटीला टांगलेला होता, उद्यासाठी.

नाना म्हणाले, "चूक माझी, तर गाठीबी माझ्याच हातानं." आणि आम्हाला पाणी प्यायला दिलं. काकूंनी डाळीचं ताट उचललं आणि मोरीकडं निघून गेल्या.

पाडव्याला सकाळी कादरभाईनं हॉटेल धुऊन काढलं होतं, बाहेर गुढी होती. मंडळाची गुढी तेच त्यांच्या बांबूला बांधू द्यायचे. दिलीप नवा सदरा घालून आला होता. त्याला माहीत होतं. तरी आला होता, कारण न येणं बरं दिसलं नसतं. नानांनी मैदानात उतरायच्या सातांपैकी सहा जणांच्या गळ्यात गाठ्या घातल्या. सातवी हातात घेऊन ते थोडे थांबले. मला वाटलं, फिरतील. माझ्या शेजारी कडुबा हळूच "नाना, नाना" म्हणत होता. नाना अंकुशपुढं गेले आणि गाठी त्याच्या गळ्यात घातली. ती कानात अडकली, अंकुशनंच सोडवून घेतली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिलीपनं चहाचा कप उचलला, सावकाश सगळा संपवला आणि कप खाली ठेवला. म्हणाला, "बरोबर हाय नाना. तो माझ्यापेक्षा चांगला हाय." मग कादरभाईंना सलाम करून निघून गेला. कादरभाई भट्टीकडं तोंड करून उभे राहिले. "ये अच्छा नै हुआ," एवढंच म्हणाले.

मला नानांचा राग आला. अजून पुरता गेलेला नाही. न्याय करायचा तर माणसानं स्वतःच्या जिवावर करावा, पोराच्या जिवावर कसला करायचा? पण तिथं बसलेल्या बापांत दोघे-तिघे असे होते, ज्यांची पोरं नानांनी काढली होती. ते मान खाली घालून बसले होते. त्यांना त्या दिवशी काय वाटलं ते मला विचारता आलं नाही.

मृग लागायच्या आत दिलीपला ब्रेक मिळाला. परत गेटवर उभं राहायला तो गेलाच नाही. मुलीच्या बापानं नकाराचा निरोप पाठवला. दिलीप चाकणला निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला, बापाच्याही पडला, कुठं काही चुकू दिलं नाही. पण परत आला नाही. दिवाळीला नाही, यात्रेला नाही. आईला तिकडं बोलावून घ्यायचा, महिना-महिना ठेवून घ्यायचा. बापाला बोलावणं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही जिल्ह्याची ढाल जिंकली. शेवटची चढाई होती, समोरचा गडी रेषेला हात लावणार तेवढ्यात अंकुशनं त्याचा घोटा धरला तो सोडलाच नाही. आम्ही मैदानात घुसून नाचलो. मीही नाचलो. नाना जागेवर बसून होते. लोकांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं म्हटलं तर म्हणाले, "कंबर दुखायली, राहू द्या." ढाल कादरभाईच्या फ्रिजवर ठेवली. ती घरी मिरवत नेऊन काकूंना दाखवावी असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा काकूंनीच निरोप पाठवला, इकडं आणू नका.

पुढच्या पाडव्याच्या आतच अंकुशला पोलिसांत घेतलं. कायमची नोकरी सोडून गेला बिचारा, जाताना परत सगळ्यांच्या पाया पडला. त्याचा काही दोष नाही. नाना त्यानंतरही हॉटेलात येत होते, बसत होते, कुणी विचारलं तर "तुम्ही बघा, मला नाय कळत आता" म्हणायचे. कडुबानं मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून त्यांना डिवचून बघितलं. ते "आसंल, आसंल" म्हणायचे. मग ते कामावरून निवृत्त झाले आणि खोली सोडून गावाकडं गेले. काकू वारल्या तेव्हा दिलीप आला होता म्हणतात, तिसऱ्या दिवशी परत गेला.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते कन्नडला. बाजाराचा दिवस होता, मी जीप भरायची वाट बघत उभा होतो. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली दोन शेळ्या धरून एक म्हातारा बसलेला. मी जवळ गेलो तर नाना. फार वाळले होते. मला ओळखलं, शेजारी जागा करून दिली. मी इकडचं-तिकडचं सांगितलं. मंडळ मोडलं, शेठचं शेड बंद पडलं, मैदानावर दुकानांचे गाळे झाले. "व्हय का," म्हणाले. त्यात त्यांना काही राहिलेलं नव्हतं.

मग माझ्याकडं न बघता विचारलं, "दिलीप भेटतो का रे?"

चाकणला माझा मेहुणा असतो, त्यामुळं मला खबर होती. मी सांगितलं, बरा आहे, गाडी चालवतो, लग्न केलं, मुलगी झाली. मुलीचं त्यांना माहीत नव्हतं. ते नाव विचारतील असं मला वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

इतकी वर्षं पोटात होतं ते मी मग विचारून टाकलं. म्हटलं, "नाना, खरं सांगा. त्या पाडव्याला दिलीपला ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"हारलो असतो," ते लगेच म्हणाले.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी उठलो. नानांनी माझा हात धरला, म्हाताऱ्याच्या मानानं घट्ट धरला, आणि मला विचारलं. उगाच बोलायचं म्हणून नाही, खरोखर विचारलं, मला माहीत असेल असं समजून.

"हारलो असतो तर काय झालं असतं रे?"

जीपवाला परत ओरडला. मी हात सोडवून घेतला, मागच्या फळीवर बसलो, आणि जीप वळेपर्यंत नाना माझ्या तोंडाकडं बघत होते.